कोरडे केस : पार्लरच्या पॅकेजआधी न्हाणीघरात काय बदलाल?

“हेअर मास्क लावू की सरळ केराटिन करून घेऊ?” केस राठ झाले, विंचरताना तुटतात, टोकांना फाटे फुटलेत, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक वाचकांचा प्रश्न अखेर इथेच येऊन थांबतो. त्यामागोमाग उपप्रश्नही येतात. मेथी लावली तरी फरक का पडत नाही? तेल रात्रभर ठेवायचे की तासभर? पार्लरवाली म्हणते तो “नॅनोप्लास्टिया” सुरक्षित आहे का?

नाशिकच्या सातपूर, अशोकनगर, श्रमिकनगर, अंबड या भागात राहणाऱ्या नोकरदार स्त्रियांच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सकाळची पहिली पाळी गाठायची म्हणून पहाटे उठून कढत पाण्याने डोक्यावरून आंघोळ करायची. केस ओलेच असताना घट्ट अंबाडा, त्यावर स्कार्फ, त्यावर हेल्मेट, मग त्र्यंबक रस्त्यावरची धूळ आणि आठ तास मशीनशेजारी उभे राहणे. संध्याकाळी अंबाडा सोडला की केस भुरकट, चिकट आणि कोरडे, तिन्ही एकदमच. या दिनक्रमाला धरून मार्ग सांगितला नाही तर कोणताही सल्ला निरुपयोगी आहे.

माझे मत आधीच सांगते. कोरड्या केसांवर पैसे खर्च करायचे असतील तर शेवटून सुरुवात करू नका. आधी न्हाण्याची पद्धत, मग तेल, मग कंडिशनर, मग मास्क, आणि पार्लरची रासायनिक ट्रीटमेंट सर्वांत शेवटी, तीसुद्धा बाटलीत काय आहे हे कळल्यावरच. बहुतेकांना चौथ्या पायरीच्या पुढे जावेच लागत नाही.

मास्क काय करतो, काय करू शकत नाही

टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यात रक्त नाही, चेतातंतू नाहीत, त्यामुळे जखम भरते तसा तो भरून येत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पोहोचलेल्या केसाचे टोक पाच-सहा वर्षे जुने असते. तेवढ्या काळातले ऊन, घासणे, कढत पाणी, रंग आणि इस्त्री त्या टोकाने सोसलेली असते.

केसावर बाहेरून एकमेकांवर चढलेल्या सूक्ष्म खवल्यांचा थर असतो, छपरावर कौले रचावीत तसा. हे खवले नीट बसलेले असले की केस चमकतो आणि बोटांतून घसरतो. ते उचकटले किंवा झडले की केस राठ लागतो, एकमेकांत अडकतो, गुंता होतो. मास्क किंवा कंडिशनर या खवल्यांवर गुळगुळीत पातळ थर देतो. त्यामुळे गुंता सुटतो, विंचरताना केस कमी तुटतात. हा फायदा खरा आहे, पण तो काही न्हाण्यांपुरता टिकतो. डब्यावर “रिपेअर” लिहिलेले असले तरी फुटलेला फाटा कोणताही मास्क जोडून देत नाही. फाटा कापावाच लागतो; नाही तर तो वर चढत जातो.

म्हणून ध्येय दोन भागांत धरा. आहे त्या लांबीची झीज थांबवायची आणि मुळाकडून येणारा नवा केस पहिल्यापासून सांभाळायचा. खांद्यापर्यंतच्या केसांत या बदलाचा खरा निकाल दिसायला वर्षभर तरी लागतो. आठवड्यात “केस नवे” करून देण्याचा दावा कोणी केला, तर तो थर चढवण्याविषयी बोलतो आहे हे समजून घ्या.

आधी कारण शोधा

कोरडेपणा कुठे आहे ते आधी पाहा. मुळाशी केस मऊ आणि टोकाकडे राठ असतील तर कारण बाहेरचे आहे: धुणे, उष्णता, रसायने, घर्षण. मुळापासूनच केस कोरडे येत असतील, पूर्वी तसे नव्हते, तर कारण शरीरात असू शकते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

बाहेरच्या कारणांत सर्वाधिक दुर्लक्षित कारण पाण्याचे. नाशिक महापालिकेचे गंगापूर धरणातून येणारे पाणी आणि सोसायटीच्या बोअरचे पाणी एकसारखे नसते. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असू शकतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० : २०१२ मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. वापराच्या पाण्याचे मोजमाप मात्र सहसा कोणी करत नाही. घरच्या घरी अंदाज असा घ्या:

- दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत आरओ फिल्टरचे पाणी, दुसरीत न्हाणीघरातले, दोन्ही अर्ध्यापर्यंत.
- दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा सारखाच, चिमूटभर कीस टाका. झाकण लावून जोरात हलवा.
- एकीत भरपूर फेस आणि दुसरीत थोडा फेस, गढूळ पाणी व वर दह्यासारखी साय दिसली, तर तुमचे पाणी कठीण आहे.
- गीझरच्या कॉइलवर किंवा नळाच्या जाळीवर पांढरे कवच धरत असेल तर तीही तीच खूण.

ती दह्यासारखी सायच कठीण पाण्यात साबणाने न्हाल्यावर केसांवर बसते. म्हणून अशा घरात केसांना अंगाचा साबण लावायचाच नाही, पुरुषांनीही नाही. शाम्पूचे तसे होत नाही. शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे ओतले तरी बराच फरक जाणवतो. त्यासाठी नळाला लावायचे महागडे “सॉफ्टनर शॉवर” घेण्याची घाई करू नका. कठीणपणा खरोखर काढायचा तर क्षार अडवणारा रेझिनचा संच लागतो, आणि तो वरचेवर मिठाच्या पाण्याने पुन्हा तयार करावा लागतो. मुठीएवढ्या फिल्टरकडून ते काम फार दिवस होत नाही.

न्हाण्याची पद्धत : इथे सर्वाधिक मिळवता येते

या भागावर मी मुद्दाम जास्त लिहिते आहे, कारण इथे पैसे लागत नाहीत आणि फायदा सर्वांत मोठा आहे.

*वेळ बदला.* पहिल्या पाळीच्या दिवशी पहाटे केस धुऊ नका. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि सहज तुटतो. तो ओला असतानाच घट्ट बांधून वर हेल्मेट घातले की मुळाशी ताण, मध्ये घर्षण आणि आत दमटपणा, असा तिहेरी त्रास होतो. न्हायचे ते आदल्या संध्याकाळी, घरी आल्याबरोबर, म्हणजे झोपेपर्यंत केस वाळतात. साप्ताहिक सुट्टी असेल त्या दिवशी तेल आणि मास्क लावा. आठवड्याच्या मध्ये एकदा नुसता शाम्पू आणि कंडिशनर. बहुतेक कोरड्या केसांना आठवड्यातून दोन वेळा पुरते. घाम आणि धूळ जास्त असेल तर तिसऱ्यांदा धुवायला हरकत नाही. टाळू अस्वच्छ ठेवून केस सुधारत नाहीत.

*क्रम असा ठेवा:*

१. न्हाण्याआधी कोरड्या केसांतला गुंता रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवा. बारीक दातांची फणी ओल्या केसांत घालू नका.

२. पाणी कोमट घ्या. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी कडक असते, त्यामुळे कढत पाण्याचा मोह होतो. अंगावर घ्या, डोक्यावर नको.

३. शाम्पू मगमध्ये थोड्या पाण्यात कालवा आणि फक्त टाळूला लावा. बोटांच्या टोकांनी चोळा, नखांनी नको. लांबीला वेगळा शाम्पू लावायची गरज नाही. वाहून येणाऱ्या फेसाने ती स्वच्छ होते. केसांचा डोक्यावर गोळा करून घासणे बंद करा. निम्मा गुंता तिथेच तयार होतो.

४. केस हलकेच पिळून पाणी निथळू द्या. थबथबलेल्या केसांवर लावलेला कंडिशनर पाण्याबरोबर वाहून जातो.

५. कंडिशनर कानाच्या खालच्या लांबीला लावा, टोकांना जास्त. टाळूला नको. दोन-तीन मिनिटे ठेवा, बोटांनीच गुंता सोडवा, मग धुवा. शाम्पूनंतर दर वेळी कंडिशनर. “कधीतरी” लावून उपयोग नाही.

६. टॉवेलने खसाखसा पुसू नका, केस झटकू नका. सुती पंचा किंवा जुना मऊ टी-शर्ट गुंडाळून दहा मिनिटे पाणी टिपू द्या. मग सावलीत वाळवा.

शाम्पूची पुडी वापरत असाल तर काही बिघडत नाही. महाग बाटलीतल्या शाम्पूपेक्षा पुडीतला शाम्पू आणि सोबत नेमाने कंडिशनर ही जोडी कोरड्या केसांना जास्त उपयोगी आहे.

तेल : न्हाण्याच्या आधी, आणि मुख्यतः खोबरेल

कोणते तेल, या वादावर एक ठोस अभ्यास मुंबईतच झाला आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. २००३ मध्ये तो अभ्यास ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. धुण्याच्या आधी किंवा नंतर लावले असता केसातले प्रथिन वाहून जाणे फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाले. कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरू शकतात; इतर दोन तेले वरच राहतात. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवून तो निष्कर्ष वाचावा. पण त्यामागची रासायनिक कारणमीमांसा पटणारी आहे आणि आपल्या घरांतल्या जुन्या सवयीशी जुळणारीही.

वापरायचे असे: न्हाण्याआधी एक-दोन तास, किंवा सोयीचे असेल तर रात्री, लांबीला आणि टोकांना बेताचे तेल चोळा. निथळेल एवढे ओतले तर ते काढायला दुप्पट शाम्पू लागतो आणि कमावलेले जाते. बदाम किंवा तिळाचे तेल आवडत असेल तर न्हाल्यावर अर्धवट ओल्या टोकांना दोन थेंब लावा. वरच्या गुळगुळीतपणासाठी ते चांगले.

दोन सावधानता. टाळूला चिकट, पिवळसर कोंडा आणि खाज असेल तर टाळूवर तेल मुरवू नका. त्या कोंड्यामागची बुरशी तेलकट पदार्थांवरच पोसते. अशा वेळी आधी कोंड्याचा उपचार करा, तेल फक्त लांबीला लावा. आणि तेल लावलेले डोके घेऊन धुळीच्या रस्त्यावर दुचाकीवर जाऊ नका. त्या लेपावर दिवसभराची माती बसते.

मास्क निवडताना डब्याची मागची बाजू वाचा

मास्क आणि कंडिशनर यांत जातीचा फरक नाही, मात्रेचा आहे. मास्क दाट असतो, त्यात स्निग्ध घटक जास्त असतात. तो आठवड्यातून एकदा, कंडिशनरच्या जागी, पाच ते दहा मिनिटे लावावा. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त, रात्रभर वगैरे ठेवून फायदा वाढत नाही.

सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार लेबलवर घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. त्यामुळे समोर मोठ्या अक्षरांत “आर्गन” किंवा “कोरफड” आणि मागे यादीत ते सुगंधाच्याही नंतर, असे दिसले तर त्याचे प्रमाण किती असेल ते तुम्हीच ठरवा. पाहायचे ते हे:

- सेटिल, सेटेअरिल, स्टेअरिल अल्कोहोल : नावात अल्कोहोल असले तरी ही मेणासारखी स्निग्ध द्रव्ये आहेत. यादीत वर असावीत.
- बेहेनट्रायमोनियम, सेट्रायमोनियम अशी नावे : झिजलेल्या केसाला चिकटून गुंता सोडवणारे खरे कार्यकर्ते घटक.
- डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन : सिलिकोन. यांची उगाच भीती घातली जाते. घर्षण आणि उष्णतेपासून ती केसाला चांगले सांभाळतात. थर साचून केस जड वाटू लागले तर एखाद्या वेळी मास्कशिवाय, नेहमीच्या शाम्पूने दोनदा धुवा.
- हायड्रोलाइज्ड केराटिन किंवा गव्हाचे प्रथिन : ब्लीच किंवा रंग केलेल्या केसांना उपयोगी. इतरांनी यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

बारीक आणि विरळ केस असतील तर मास्क अगदी थोडा आणि फक्त टोकांना, नाहीतर केस चप्प बसतात. कुरळ्या, जाड केसांना सढळ हाताने लावा. कुरळा केस स्वभावतःच कोरडा असतो, कारण टाळूचे नैसर्गिक तेल वळणांवरून टोकापर्यंत पोहोचत नाही. अनेक मुली आयुष्यभर “माझे केस खराब आहेत” असे समजतात आणि ते सरळ करून घेतात. केस खराब नसतात. ते न विंचरता, ओले असतानाच कंडिशनरसह बोटांनी वळण द्यायला या मुलींना कोणी शिकवलेले नसते.

स्वयंपाकघरातले मास्क

मेथीदाणे रात्रभर भिजवून वाटले की त्यांचा बुळबुळीत चीक सुटतो. तो केसांवर कंडिशनरसारखे काम करतो. मात्र वाटण गाळून घ्या, नाहीतर कण काढताना केस तुटतात. जास्वंदीच्या पानांचा चीक आणि कोरफडीचा गर यांचेही तसेच. मेथीने फरक पडत नाही असे लिहिणाऱ्यांना माझा प्रश्न असतो की तुम्ही ती नंतर कशाने धुता? साबणाने धुतली तर काहीच उरणार नाही.

दही सौम्य आम्लधर्मी आहे, चालते. अंड्यातले प्रथिन केसात शिरण्याइतके लहान नसते आणि गरम पाणी लागले की केसांतच शिजते, सोडून द्या. केळे काढता काढता नाकी नऊ येतात. कांद्याच्या रसाचा कोरडेपणाशी संबंध नाही. खाण्याचा सोडा तर मुळीच नको: तो अल्कधर्मी आहे, खवले आणखी उचकटतो. लिंबू थेट केसांवर पिळू नका.

शिकेकाई आणि रिठ्याने केस स्वच्छ होतात, पण ते “नैसर्गिक म्हणून सौम्य” असतातच असे नाही. कोरड्या केसांना रिठा एकटा वापरू नका. मेहंदीबद्दलही तेच. शुद्ध मेहंदीचा रंग छान येतो, पण वारंवार लांबीला लावल्यास केस राठ होतात. मुळांपुरती लावा आणि नंतर मास्क लावा. “काळी मेहंदी” म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बऱ्याचदा पीपीडी हे रंगद्रव्य असते, त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. लावण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडी लावून ४८ तास थांबा.

पार्लरमध्ये : नावांच्या मागे काय असते

हेअर स्पा म्हणजे मास्क, मालिश आणि वाफ. आराम मिळतो, केस मऊ होतात, चार-सहा न्हाण्यांत परिणाम ओसरतो. धोका जवळपास नाही. ऐपत आणि हौस असेल तर जरूर करा, पण तो “उपचार” म्हणून सहा बैठकांच्या पॅकेजमध्ये आगाऊ विकत घेऊ नका.

रिबाँडिंग आणि कायमचे स्ट्रेटनिंग म्हणजे केसातले गंधकाचे बंध रसायनाने तोडून, सरळ करून पुन्हा जोडणे. कोरड्या केसांवरचा तो इलाज नव्हे. आधीच झिजलेल्या केसांवर तो घावच आहे. केस तुटत असतील, ब्लीच झालेले असतील, त्यांवर मेहंदीची मिश्र पूड असेल, तर नकोच.

केराटिन, स्मूदनिंग, सिस्टीन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया या नावांनी सर्वाधिक गोंधळ होतो. हेअर बोटॉक्समध्ये बोटॉक्सचे इंजेक्शन नसते. केराटिन ट्रीटमेंटमध्ये केस सरळ राहतो तो सहसा केराटिनमुळे नव्हे, तर सोबतच्या रसायनामुळे आणि सुमारे २०० अंशांच्या इस्त्रीमुळे. ते रसायन दोनपैकी एक असण्याची शक्यता जास्त:

- फॉर्मलडिहाइड किंवा ते सोडणारे द्रव्य, जसे मिथिलीन ग्लायकॉल. तापवल्यावर त्याचा वायू होतो, डोळे आणि घसा चुरचुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मलडिहाइडला मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.
- ग्लायऑक्सिलिक आम्ल, “फॉर्मलडिहाइड-फ्री” असे लिहिलेल्या अनेक उत्पादनांत. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत मांडली. तीन वेगवेगळ्या वेळी स्ट्रेटनिंग केल्यानंतर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. टाळूवर जळजळ आणि व्रण, मग उलट्या, ताप, पाठदुखी असा क्रम होता. उंदरांवरील प्रयोगात त्या क्रीममुळे मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचलेले दिसले.

अशी इजा वारंवार होते असे नाही. पण कोरड्या केसांसाठी ही जोखीम घ्यायचे कारण मला दिसत नाही, आणि गरोदर, स्तनपान करणाऱ्या, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या स्त्रियांनी तर ती घेऊच नये. तरीही करायचेच ठरवले, लग्नकार्य असते, हौस असते, तर हे करा:

- पॅकबंद बाटली बघायला मागा. घटकांचा फोटो काढा. बिनालेबलच्या डब्यातून वाटीत काढून आणलेले क्रीम नाकारा.
- “यात फॉर्मलडिहाइड आहे का, ग्लायऑक्सिलिक आम्ल आहे का?” असे नाव घेऊन विचारा. “हर्बल आहे” हे त्याचे उत्तर नव्हे.
- मानेजवळच्या एका आतल्या बटेवर आधी करून बघायला सांगा.
- क्रीम टाळूपासून बोटभर लांब लावायला सांगा. चुरचुरले की लगेच धुवायला लावा; “थोडे सहन करा” हे ऐकू नका.
- खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू असल्याशिवाय बसू नका.
- आधीचा रंग, मेहंदी, स्ट्रेटनिंग लपवू नका. पुढच्या वेळी फक्त नव्या वाढीवरच करायला सांगा.

खिडकीचा आग्रह तुमच्याइतकाच समोर इस्त्री धरून उभ्या असलेल्या मुलीसाठीही धरा. तुम्ही दोन-तीन तासांनी घरी जाता. ती बंद, वातानुकूलित खोलीत रोज तीच वाफ श्वासात घेते. आयटीआयमध्ये बेसिक कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा रीतसर अभ्यासक्रम आहे. पार्लर निवडताना काम करणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

कारखान्यात काम करत असाल तर

मशीनजवळ केस बांधलेलेच हवेत. तिथे तडजोड नाही. पण रोज एकाच जागी घट्ट अंबाडा बांधला की कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ लागतात. जागा बदला, रबरबँडऐवजी कापडी बँड वापरा, वेणी घालून टोपीखाली घ्या. हेल्मेटच्या आत पातळ सुती किंवा साटीनचा कपडा बांधा आणि तो रोज धुवा. केसांना ग्रीस किंवा कटिंग ऑइल लागले तर रॉकेल, थिनर किंवा कपड्यांची पावडर लावू नका. त्या जागी आधी खोबरेल चोळा, कापसाने पुसा, मग शाम्पू. रोज तेलाचे तुषार उडत असतील तर ती कंपनीकडे मांडायची गोष्ट आहे. मशीनला आडोसा आणि धूर-तुषार ओढणारी यंत्रणा हा तुमचा सुरक्षिततेचा हक्क आहे.

डॉक्टरांकडे केव्हा

मास्क थांबवून तपासणी करायची ती अशा वेळी: केस मुळापासूनच कोरडे येत आहेत आणि सोबत थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, अनियमित पाळी आहे (थायरॉइडची शंका), विंचरताना मुठीने केस येतात, टाळूवर चट्टे, पू, वेदना आहेत, किंवा भुवयाही विरळ होत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. केस गळण्यामागे लोहाची कमतरता असू शकते, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची तपासणी करा. बायोटिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्यांनी थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

तुमच्या पगारातून ईएसआयची (राज्य कामगार विम्याची) वर्गणी कापली जात असेल तर या तपासण्यांसाठी खिशातून खर्च करण्याआधी तुमच्या नेमून दिलेल्या दवाखान्यात जा. सातपूरला राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. ओळखपत्र तुमच्या हातात असू द्या, कुटुंबीयांची नावे त्यात नोंदलेली आहेत का तेही पाहा.

बिल, लेबल आणि तक्रार

विकत घेताना लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, वापरण्याची अंतिम मुदत आणि कमाल किरकोळ किंमत हवीच. परदेशी उत्पादनावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या “ब्राझिलियन” बाटल्यांवर हे बऱ्याचदा नसते.

पार्लरचे बिल दर वेळी घ्या, त्यावर ट्रीटमेंटचे आणि उत्पादनाचे नाव लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराने आकारणी झाली असेल तर दाखवून द्या. पार्लरची जीएसटी नोंदणीच नसेल तर तो कर लावताच येत नाही.

नुकसान झालेच तर:

- त्याच दिवशी केसांचे आणि टाळूचे फोटो काढा. तुटलेले केस, उरलेले क्रीम, बाटली टाकू नका.
- त्वचारोगतज्ज्ञांकडून लेखी निदान घ्या. उलट्या, पाठदुखी, लघवी कमी होणे यांपैकी काही असेल तर लगेच रुग्णालयात जा आणि स्ट्रेटनिंग केल्याचे आवर्जून सांगा.
- पार्लरला लेखी कळवा; व्हॉट्सॲपवरचा संदेशही जपून ठेवा.
- उत्पादन संशयास्पद असेल तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. नाशिकमध्ये त्यांचे विभागीय कार्यालय आहे.
- सेवेतील त्रुटीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. अर्ज ई-जागृती पोर्टलवर करता येतो. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्तीही नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता मुंबईचा असो की दिल्लीचा. किती भरपाई मागायची यावर मात्र नीट विचार करा. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये केस बिघडल्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई दिली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली. सेवेतील त्रुटीचा निष्कर्ष कायम ठेवला, पण नुकसानीचा आकडा पुराव्यावर उभा राहायला हवा असे सांगून प्रकरण परत पाठवले. म्हणून ट्रीटमेंटचे बिल, डॉक्टरांची आणि औषधांची बिले, रजेमुळे कापला गेलेला पगार दाखवणारी पगारपत्रके एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.